दोन टिकल्यांची डिस्क

गाडी थांबवणं हा माझा धंदा. चालवणारे, पळवणारे, उडवणारे गावात पुष्कळ आहेत. त्यांना वेळेवर थांबता यावं म्हणून रायपूरजवळ उरल्याच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये मी तीसेक वर्षं लेथसमोर उभा राहिलो. लग्नकार्यात कोणी विचारलं, "आपण काय करता?" तर मी सांगतो, "ब्रेकच्या डिस्का घासतो." समोरचा माणूस "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि ताटातल्या जिलबीकडे वळतो. माझ्या बायकोनं, सुनंदानं, यावर उपाय म्हणून "त्यांचं इंजिनिअरिंगचं वर्कशॉप आहे" असं सांगायला सुरुवात केली. मग दोन जणांनी आपापल्या मुलाच्या नोकरीचे अर्ज घरी आणून दिले, तेव्हा तिनं तो नाद सोडला.

वडील रेल्वेत, वर्ध्याहून बदलीनं रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी आयटीआयत टर्नर झालो, एका रोलिंग मिलच्या मशीन शॉपमध्ये काही वर्षं काढली आणि मग जुना लेथ घेऊन स्वतःचं दुकान टाकलं. एवढं माझं चरित्र पुरे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "आठवणीतले ग्राहक" लिहायला सांगितलंय, माझी कुंडली मागितलेली नाही.

आधी धंदा काय ते सांगतो. गाडीच्या पुढच्या चाकामागे बिडाची एक जाड थाळी असते, मधोमध टोपीसारखा उंचवटा असलेली. तिला आम्ही डिस्क म्हणतो. तुम्ही ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. ही थाळी सपाट हवी. ती कुठे जाड, कुठे पातळ झाली किंवा केसाच्या जाडीएवढी जरी वाकली, तरी ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि पायाखालचं पेडल उड्या मारतं. मग ती लेथवर चढवायची, सुईचं घड्याळ लावून ती किती नाचते ते बघायचं आणि दोन्ही बाजूंनी अगदी हलका हात फिरवून सपाट करायची. नखाला जाणवणार नाही इतकंच बीड काढायचं. अनाडी माणूस भसाभस काढतो. चांगला टर्नर कंजूष असावा लागतो, आणि त्या बाबतीत माझा हात धरणारा रायपुरात कोणी नव्हता, असं मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

सदर बाजारातले एक सराफ एकदा त्यांच्या गाडीच्या डिस्का घेऊन आले. काम होईस्तोवर लेथला नाक लावून उभे. शेवटी म्हणाले, "और जो निकला है, वो?" मला कळेना काय मागताहेत. त्यांचं बोट लेथखालच्या काळ्या भुकटीकडे होतं. सोन्याच्या धंद्यात कणसुद्धा गिऱ्हाइकाचा! मी वर्तमानपत्रात ती बिडाची भुकटी नीट बांधून दिली, त्यांनी ती खिशात घातली आणि समाधानानं गेले. पुढे तिचं त्यांनी काय केलं, हे विचारायचं राहून गेलं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट अरुणाताईंची.

अरुणाताई मूळच्या अमरावतीच्या. इथल्या एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या आणि बीरगांवला स्वतःच्या घरात एकट्या राहत. कंपनीनं कधीच बंद केलेली एक जुनी, पांढरी गाडी त्यांच्याकडे होती. ती त्या स्वतः चालवत, आणि चालवताना फोन वाजला तर बघतही नसत. पहिल्यांदा दुकानात आल्या त्या दारातूनच ओरडत.

"मनोहरभाऊ तुम्हीच का? माह्या गाडीले थंडी वाजून राहिली!"

मी गाडी चालवून पाहिली. ब्रेकवर पाय ठेवला की खरोखरच हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती. चाक काढलं, घड्याळ लावलं, तर सुई नाचायला लागली. मी विचारलं, "ताई, गाडी कधी धुता?"

"रोज! बाहेरून आली की लगेच. तुम्ही आमच्या पाऱ्यात राहून पाहा. सकाळी वाळत टाकलेला पांढरा दुपट्टा संध्याकाळी कोळसा होते."

आता हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पारा म्हणजे इथला मोहल्ला. उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ बीरगांवच्या गच्चीवर, तुळशीवर, पोळपाटावर, सगळीकडे बसते. त्यामुळे तिथल्या स्वच्छ माणसाचा हात सतत बादलीकडे जातो. अरुणाताई भर दुपारी सदर बाजारच्या गर्दीत शंभर वेळा ब्रेक मारून घरी येत आणि चटके बसतील अशा तापलेल्या चाकांवर गार पाण्याच्या दोन बादल्या ओतत. तापलेल्या तव्यावर पाणी टाकलं की तवा जे करतो, तेच डिस्क करते. शिवाय पाणी आत मुरून गंज धरतो तो वेगळाच. घाणेरड्या माणसाची डिस्क दहा वर्षं टिकते आणि स्वच्छ माणसाची दोन वर्षांत वाकते, हा बीरगांवचा न्याय आहे.

"म्हणजे मी स्वच्छ आहे हे माह्यं चुकलं?"

"नाही ताई, घाई चुकली. तासभर थांबत जा."

डिस्का लेथवर सपाट केल्या, परत बसवल्या. ताईंनी चक्कर मारून आल्यावर सांगितलं, "लोण्यासारखी थांबते!" मग वाकून डिस्ककडे बघत म्हणाल्या, "हे टोपीवर टिकलीसारखं काय आहे?"

"माझी खूण आहे ती," मी म्हणालो. मोठ्या रुबाबात म्हणालो. आणि तेवढंच म्हणालो.

ती खूण म्हणजे अशी. डिस्क किती पातळ झालेली चालेल, याचा आकडा कंपनी काठावर बारीक ओतून देते. त्याच्याखाली गेलं की डिस्क फेकायची. पण गंजानं तो आकडा पुसतो आणि पुढच्या टर्नरला कळतच नाही, की हिच्यावर आधी किती हात फिरलेत. म्हणून मी एक युक्ती काढली होती. एकदा घासलं की टोपीवर पंचानं, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्यारानं, एक ठिपका मारायचा. दुसऱ्यांदा घासलं की दुसरा. दोन ठिपके झाले की या डिस्कवर आता कोणी हात फिरवायचा नाही. आहे ती झिजेपर्यंत वापरा आणि भंगारात द्या. माझ्या पंचाचं टोक एका बाजूनं तुटलेलं होतं, त्यामुळे ठिपका कुंकवाच्या बोटासारखा जरा लांबट यायचा. सुनंदानं त्याला टिकली नाव दिलं आणि ते गॅरेजांच्या सगळ्या लाइनीत रूढ झालं. दोन-चार मेकॅनिकांना मी तिचा अर्थ सांगून ठेवला होता. त्यांनी "हव भैया" म्हटलं.

हे "हव" आमच्या छत्तीसगडचं मोठं गोड आणि मोठं फसवं आहे. त्याचा अर्थ "हो". पण "समजलं" असा त्याचा अर्थ होतोच असं नाही. "तुमचा आवाज माझ्या कानापर्यंत आला" इतकाच तो पुष्कळदा असतो. इतकी वर्षं इथे राहून मलाही त्याची सवय लागली आहे.

एक दिवस जगदीश नावाचा भंगारवाला माझ्याकडे चहाला टेकला होता. बोलता बोलता म्हणाला, "भैया, आपकी टिकली का तो बाजार में नाम हो गया है. पुराना डिस्क लेने वाला पहले पूछता है, टिकली वाला है क्या?"

मी काय म्हणायला हवं होतं? "अरे, काहून? कोणती टिकली? एक की दोन? कोणाले विकून राहिला?" एवढे तरी प्रश्न विचारायला हवे होते. पण मला आतून गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षं जिलबीपुढे हरलेला माणूस मी, आणि माझं बाजारात नाव झालं होतं! मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "हव."

त्या एका हवची लाज मला अजून वाटते.

पुढे दोनेक वर्षांनी अरुणाताईंची गाडी पुन्हा थरथरायला लागली. या वेळी मोजून पाहिलं तर डिस्का झिजून पार काठावर आल्या होत्या. घासल्या असत्या तर आकड्याखाली गेल्या असत्या. मी म्हणालो, "ताई, आता नाही. नव्याच टाकाव्या लागतील. जुनं मॉडेल आहे, बाहेरून मागवतो. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवस? मले पुढच्या शनिवारी जगदलपूरले निघायचं आहे. आईले आणाले. मंगळवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे इथं."

त्यांची आई धाकट्या बहिणीकडे जगदलपूरला राहायची, वय चौऱ्याऐंशी. बसनं तिला मळमळायचं, म्हणून ताईंनाच गाडी न्यायची होती. मी सांगितलं, दुसरी गाडी करा किंवा थांबा, पण ही अशी नेऊ नका. ताई "बरं" म्हणाल्या. मी माझ्याकडून डिस्का मागवून टाकल्या आणि दुसऱ्या कामाला लागलो.

नशीब असं, की पंधरा दिवसांचं सामान आठ दिवसांत आलं. रविवार होता. मी खुशीत ताईंना फोन लावला.

"ताई, आनंदाची बातमी. डिस्का आल्या!"

"अहो, आता कशाले? मी तर कालच जगदलपूरले पोचली. आपल्या रामेश्वरनं बसवून देल्ल्या ना डिस्का."

रामेश्वर त्यांचा पाऱ्यातला मेकॅनिक. "कुठल्या बसवल्या?" मी विचारलं.

"काळजी नोका करू, तुमच्याच आहे. टिकलीवाल्या! भंगारातून शोधून आणल्या त्यानं. अन् ऐका, माह्या जुन्या डिस्केवर एकच टिकली होती ना? याच्यावर दोन-दोन आहे! मी म्हटलं, एक टिकलीवाली इतकी चांगली चालली, दोनवाली त्याहून पक्की असन."

दोन टिकल्या झालेली, झिजवून फेकलेली डिस्क कोणीतरी भंगारातून उचलून, तिसऱ्यांदा घासून चकचकीत केली होती. जाडी आकड्याच्या कधीच खाली गेली असणार. आणि तीच लावून ताई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला घेऊन केशकाल घाट उतरणार होत्या. रायपूरहून जाताना तो घाट चढाचा लागतो, म्हणून काल काही झालं नव्हतं. येताना सगळा उतार. वळणावळणावर ब्रेक, डिस्क तापणार, आणि पातळ डिस्क तापली की तिचा काही भरवसा नसतो.

"ताई, गाडी जागची हलवू नका."

"काहून?"

मी सगळं सांगितलं. मग ताई म्हणाल्या, "उद्या सकाळी निघाले नाही तर आईची तारीख चुकते, भाऊ. पुढची दोन महिन्यानं भेटीन. तिले आता ताटातलं दिसत नाही."

"उद्या सकाळीच निघायचं. मी येतो," मी म्हणालो.

सुनंदा ऐकत होती. मी तिला म्हणालो, "बसमध्ये पार्सल टाकून दिलं तर तिथला मेकॅनिक बसवेल का?" ती कणीक मळत होती, वरही न बघता म्हणाली, "टिकली तुमची. तुम्हीच जा."

दोन डिस्का आणि पॅडचा जोड तांदळाच्या पोत्यात घालून, पान्हे पिशवीत टाकून मी अकराची बस पकडली. कंडक्टरनं पोतं उचलून पाहिलं. "का हे, कका?" मी म्हणालो, "ब्रेक." त्यानं ड्रायव्हरला हाक मारून सांगितलं, "उस्ताद, आज चिंता मत करबे, एक्स्ट्रा ब्रेक हे!" सगळी बस हसली. मीही हसलो, पण घाट चढताना खिडकीतून एकेक वळण मोजत होतो आणि प्रत्येक वळणावर ती पांढरी गाडी वरून खाली येताना मनात उतरवून पाहत होतो. इतकी वर्षं लोकांना थांबवण्याचा अभिमान बाळगला आणि जिथे तोंड उघडून थांबवायचं, तिथे मी हव म्हणालो होतो.

ताईंच्या बहिणीच्या अंगणात ऊन कललं होतं. गाडी उभी होती, ताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि आई पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी चाकं काढली, जुन्या डिस्का सोडवल्या. टोपीवर माझे दोन-दोन लांबट ठिपके. ओळख पटायला काही वेळ लागला नाही.

बिडाचं एक बरं असतं, त्याला विचारलं की ते खरं बोलतं. डिस्क तारेला टांगायची आणि पान्ह्यानं हळूच टिचकी मारायची. धड असेल तर घंटेसारखी वाजते. पहिलीला मी टिचकी मारली. ती टण्ण वाजली, अंगणभर नाद घुमला. दुसरीला मारली. ठप्प.

पुन्हा मारली. ठप्प. मडकं फुटकं निघावं तसा आवाज.

पायरीवरून आई म्हणाल्या, "अगं बाई, दुसरी तडकली आहे." त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं. मी डिस्क पुसून उजेडात धरली. टोपीच्या बुडाशी केसासारखी चीर होती, बोटभर लांब.

ताईंनी ती चीर पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रामेश्वरचा उद्धार होणार. झाला तो माझा.

"मनोहरभाऊ, तुमच्या डोक्यात काय भुसा आहे? टिकली! अहो, टिकली पाहून कोण्या बाईले वाटन का, की हे मरायले टेकलं आहे? कपाळाले लावतो आपण ते! त्या बिचाऱ्या रामेश्वरले बोलून काय उपयोग? फेकायच्या वस्तूवर तुम्ही कुंकू लावून ठेवलं, अन् वरून म्हणे माझी खूण!"

मी मान खाली घालून नट आवळत होतो. इतक्या वर्षांत हे ना माझ्या डोक्यात आलं, ना लाइनीतल्या एकाही मर्दाच्या. सुनंदानं नाव ठेवलं तेव्हा ती हसली होती, ती काहून हसली हेही मी विचारलं नव्हतं.

"चुकलं ताई," मी म्हणालो. आणि जगदीशच्या चहाची गोष्टही सांगून टाकली, हवसकट. ती सांगायची काही गरज नव्हती, पण सांगितल्याशिवाय मला तिथे जेवण गेलं नसतं.

ताईंनी तडकलेली डिस्क पायानं बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "आता जेवा. अन् सकाळी माह्या गाडीत बसा. घाट तुमच्यासकट उतरू."

नव्या डिस्क-पॅडची आधी एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते, म्हणून सकाळी गल्लीत दहा-बारा वेळा हळूहळू ब्रेक मारायला लावले आणि निघालो. आई मागे, मी पुढे ताईंच्या शेजारी. घाट सुरू झाला. समोरून ट्रक वर येत होते, ताई शांतपणे गिअर कमी करत उतरत होत्या. तिसऱ्या की चौथ्या वळणावर त्या म्हणाल्या, "भाऊ, तिथं ब्रेक नाही. ब्रेक इकडे आहे."

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय गाडीच्या तळाला रुतून बसला होता.

घाट उतरून सपाटीला लागलो, तोवर स्टिअरिंग एकदाही थरथरलं नाही. थरथरत होतो तो मीच. मंगळवारी आईंचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा ताईंचं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "अरुणे, किती काळी झालीस." ताईंनी त्याचं खापर बीरगांवच्या धुळीवर फोडलं.

आल्यावर मी तो पंच फेकून दिला आणि फुलीचा नवा ठसा करून घेतला. संपलेल्या डिस्कच्या टोपीवर हाताच्या पंज्याएवढी मोठी फुली मारायला लागलो. आता कोणी फसणार नाही, अशी माझी खात्री होती. सहा महिन्यांनी जगदीश पुन्हा चहाला आला. पेला हातात घेऊन म्हणाला, "भैया, आजकल तो फुल्ली वाला माल जोर से चल रहा है. लोग बोलते हैं, टिकली से भी तगड़ा है."

या वेळी मी हव म्हणालो नाही. चहा खाली ठेवला आणि विचारलं, "कितने पड़े हैं तेरे पास?"

"होंगे पच्चीस-तीस."

"सब ले के आ."

तो हातगाडी भरून घेऊन आला. मी घण काढला. त्या दुपारी शेडमध्ये एकेक डिस्क आधी टांगून वाजवली, आणि मग वाजलेली असो की ठप्प, घणाखाली घेऊन फोडली. तेव्हापासून संपलेली डिस्क मी गिऱ्हाइकाला परत देत नाही, त्याच्यासमोर तिचे दोन तुकडे करतो. खूणबीण काही मारत नाही. तुकड्याचा दुसरा अर्थ अजून तरी कोणी काढलेला नाही.